मधमाश्यांनी घडवलेल्या शिल्पाखाली सही कोणाची?

तुम्ही विचारलेलं आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे भलत्याच प्रश्नाचं उत्तर दिलं असं व्हायला नको. तुम्ही शिल्पकलेच्या शेवटच्या वर्षाला आहात. भाजलेल्या मातीचा एक मुखवटा करून तो मधपेटीत ठेवायचा आणि उरलेलं काम मधमाश्यांवर सोडायचं, असा बेत आहे. सर म्हणतात, ‘हा नुसता जनावरांचा वापर झाला. उद्या गाढवाच्या शेपटीला ब्रश बांधाल.’ तुम्हाला जाणून घ्यायचंय की मधमाश्यांना सहकलाकार म्हणता येईल का, आणि म्हटलं तर प्रदर्शनातल्या पाटीवर नाव कोणाचं लिहायचं. जाता जाता परवानगीचंही विचारलंय.

मी शिल्पकार आहे आणि मधपाळही. गेली सोळा वर्षं वाई-महाबळेश्वरच्या पट्ट्यात सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळतो. चार पेट्यांनी सुरुवात केली, आज बावीस आहेत. त्यातल्या सहा-सातच शिल्पासाठी. बाकीच्या मधासाठी, कारण शिल्पावर घर चालत नाही.

सरांच्या गाढवापासूनच सुरुवात करू, कारण ते गाढव खरंच होऊन गेलंय. 1910 साली पॅरिसमधल्या ‘स्वतंत्र’ कलाकारांच्या वार्षिक प्रदर्शनात बोरोनाली नावाच्या कुणा इटालियन चित्रकाराचं सूर्यास्ताचं चित्र लागलं. प्रत्यक्षात मोंमार्त्रमधल्या एका मद्यालयाच्या मालकाचं ‘लोलो’ नावाचं गाढव होतं, त्याच्या शेपटीला ब्रश बांधून ते चित्र रंगवलेलं. उद्योग रोलां दोर्जेलेस या लेखकाचा, आणि साक्षीला चक्क कोर्टाचा बेलिफ. पुढे 1964 साली स्वीडनच्या गोटेबोर्ग शहरात ‘पिएर ब्रासो’ या फ्रेंच चित्रकाराची चित्रं लागली, एका समीक्षकाने भरभरून स्तुतीही केली. तो चित्रकार म्हणजे प्राणिसंग्रहालयातला चार वर्षांचा चिंपांझी. दोन्ही वेळा थट्टा माणसांनी माणसांची केली. गाढवाने शेपटी हलवली ती गाढव म्हणून. चित्र कुठे थांबवायचं, कुठला रंग घ्यायचा, यातलं काही त्याच्या हातात, म्हणजे शेपटीत, नव्हतं. सरांचा आक्षेप अशा कामांना लागू होतो, आणि तो बरोबर आहे.

आता त्याच्या जवळचंच पण वेगळं उदाहरण बघा. 1950च्या दशकात लंडनच्या प्राणिसंग्रहालयात काँगो नावाचा चिंपांझी होता. डेस्मंड मॉरिस या प्राणिशास्त्रज्ञाने त्याला कागद, पेन्सिल आणि रंग दिले. त्याने सुमारे 400 चित्रं काढली, 1957 साली त्यांचं प्रदर्शन झालं, आणि 2005 साली त्यातली तीन लिलावात 14,400 पौंडांना गेली. किंमत बाजूला ठेवा. बाजाराला कशाचीही किंमत करता येते. मला भिडते ती दुसरी गोष्ट. चित्र पुरं व्हायच्या आत कागद ओढून घेतला तर काँगो थयथयाट करायचा, आणि त्याच्या लेखी चित्र संपलं की कितीही आर्जवं केली तरी पुन्हा ब्रश लावायचा नाही. कधी थांबायचं हे तो ठरवत होता. माझ्या ओळखीतल्या निम्म्या शिल्पकारांना हे अजून जमलेलं नाही, मला धरून.

थायलंडमधल्या हत्तींचे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. हत्ती सोंडेत ब्रश धरून फुलं काढतो, हत्तीचं चित्र काढतो, पर्यटक टाळ्या वाजवतात. तिथे नजर सोंडेवरून काढून माहुताच्या हाताकडे न्या. तो हत्तीचा कान हलकेच ओढत असतो, त्या ओढीने रेघ कुठे जायची ते ठरतं, आणि तोच हत्ती रोज तेच चित्र काढतो. ते चित्र माहुताचं. हत्ती इथे कुंचला झालाय, तोही पढवलेला. पण एवढ्यावर हा विषय सोडला तर अन्याय होईल. 1989 साली थायलंडने व्यापारी जंगलतोडीवर बंदी घातली आणि ओंडके ओढणारे हत्ती व माहूत एका फटक्यात बेकार झाले. रशियातून अमेरिकेत गेलेल्या कोमार आणि मेलामिड या कलाकार जोडीने 1998 साली थायलंडमध्ये हत्तींसाठी चित्रकलेच्या शाळा काढल्या आणि चित्रं न्यूयॉर्कमध्ये लिलावात विकून पैसे हत्तींसाठी वळवले. त्यात अमूर्त चित्रकलेची खिल्ली होती आणि हत्तीच्या चाऱ्याची सोयही. कलाकार म्हणून हत्तीचा वाटा किती यावर मी वाद घालीन. चाऱ्यावर घालणार नाही.

मधमाशीला ‘कलाकार’ म्हणावं का, हा प्रश्न मी बऱ्याच वर्षांपूर्वी सोडून दिला, कारण तिच्या मनात काय चालतं ते मला कळायची सोय नाही. त्याऐवजी मी स्वतःला एक विचारतो: तिला नाही म्हणता येतं का, आणि ती नाही म्हणाली तर माझं शिल्प बदलतं का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल तर मी तिला सहभागी धरतो. पहिलंच ‘नाही’ असेल तर तो वापर झाला. पहिलं ‘हो’ आणि दुसरं ‘नाही’ असेल, म्हणजे ती निघून गेली तरी मी पेटीत दुसरी वसाहत भरून ठरल्याप्रमाणेच शिल्प पुरं करणार असेन, तर ती मजूर आहे आणि मी मुकादम.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. दुसऱ्याच वर्षी मी पितळेचा एक हात, कोपरापर्यंतचा, थेट पिल्लांच्या कप्प्यात टांगला. महिना पौषाचा. मधमाश्या पिल्लांभोवती साधारण 35 अंश तापमान राखतात, त्यासाठी अंगाचे स्नायू थरथरवून ऊब तयार करतात. माझा पितळेचा हात ती ऊब रात्रभर पीत होता. नवव्या दिवशी झाकण उघडलं तर पेटी रिकामी. सातेरी अशीच उठून जाते, मेलिफेरा या युरोपीय माशीसारखी सोसत बसत नाही. पोळ्यात गारठून मेलेली थोडी पिल्लं होती, आणि हातावर मेणाचा एक कण नव्हता. कॉलेजात कामाच्या जाहीर चिरफाडीला आम्ही ‘क्रिटिक’ म्हणायचो, त्यात इतकं स्पष्ट कुणी कधी बोललं नव्हतं.

नंतर मातीचा मुखवटा ठेवला, तुमच्यासारखाच. वरच्या मधाच्या कप्प्यात, खाली राणीला वर येऊ न देणारी जाळी घालून. चेहऱ्यावर पोळं यावं म्हणून गालांना वितळलेलं मेण चोपडलं. मधमाश्यांनी चेहऱ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागची पोकळी मात्र पोळ्याच्या पाच पडद्यांनी भरून टाकली, कपाळापासून खाली हनुवटीपर्यंत. विचार केल्यावर कळलं की यात आश्चर्य काही नाही. सातेरी मुळात झाडाच्या ढोलीत, कपारीत राहणारी. तिला वर छत आणि आत अंधार लागतो, पोळं ती वरून खाली, एकाला एक समांतर सोडते. मी तिला पृष्ठभाग देऊ करत होतो. तिने जागा घेतली. ते शिल्प शेवटी मी पाठमोरं मांडलं. लोक मुखवट्याच्या मागे जाऊन, वाकून बघायचे. ती मांडणी मला स्वतःहून कधीच सुचली नसती, आणि माझ्या आजवरच्या कामातलं तेच मला सगळ्यात बरं वाटतं.

तिसऱ्या खेपेला सुती दोऱ्याची जाळी ताणून दिली. दोन आठवडे कामकरी माश्या दोरे कुरतडत होत्या आणि तंतू ओढून दाराबाहेर टाकत होत्या. पेटीखाली सुताचा ढीग. हे बघताना मला नीना काचादूरियन या अमेरिकी कलावतीचं काम आठवलं. 1998च्या उन्हाळ्यात फिनलंडमधल्या एका बेटावर तिने कोळ्यांची फाटलेली जाळी लाल दोऱ्याने रफू केली. सकाळी बघते तर दोरा खाली पडलेला आणि कोळ्याने आपलं जाळं आपल्या पद्धतीने नीट केलेलं. तिने तो टाकून दिलेला दोराही प्रदर्शनात मांडला. या विषयात मला कुणी एकच काम निवडायला सांगितलं तर मी हे निवडीन. मदतीचं मोठेपण आणि त्याचा मुकाट नकार, दोन्ही एका लाल दोऱ्यात आलंय.

इथवरचं थोडक्यात असं की प्राणी शिल्पात असल्याने तो सहभागी होत नाही, आणि त्याने कष्ट केले म्हणूनही होत नाही. त्याच्या निर्णयाला शिल्पात जागा लागते. पण ही कसोटी दर वेळी इतकी सोपी उतरत नाही, म्हणून दोन अवघड उदाहरणं सांगतो.

फ्रान्सचा ह्युबेर दुप्रा. वाहत्या पाण्यात राहणारी एक अळी असते, कॅडिसफ्लाय या किड्याची. वाळूचे कण, काड्या असं काहीबाही स्वतःच्या रेशमाने चिकटवून ती अंगाभोवती नळीसारखं घर बांधते. आपल्याकडे बाभळीवर काड्यांची पिशवी घेऊन लोंबणारी अळी पाहिली असेल, तसाच प्रकार, पण पाण्यातला. दुप्राने 1980च्या दशकापासून अशा अळ्यांना वाळूऐवजी सोन्याचे कण, मोती, पिरोजा द्यायला सुरुवात केली. अळ्यांनी त्यातून जी घरं बांधली ती एखाद्या निष्णात सोनाराने घडवावी अशी दिसतात. कण कुठला कुठे बसवायचा हे अळीच ठरवते, त्यामुळे माझ्या कसोटीला हे उतरायला हवं. पण सोनं देण्याआधी त्याने तिचं जुनं घर काढून घेतलेलं असतं. उघडी अळी समोर असेल ते वापरणारच. तिची निवड खरी, पण निवडायची वेळ तिच्यावर आणलेली. मी या कामाकडे बघतो तेव्हा दर वेळी आधी डोळे दिपतात आणि मग थोडं ओशाळायला होतं.

याच्या उलट बाजूला जपानची आकी इनोमाता. तिने 2009पासून शंखात राहणाऱ्या खेकड्यांसाठी थ्रीडी प्रिंटरवर पारदर्शक शंख बनवले, वर शहरांच्या इमारती कोरलेल्या. सुरुवातीचे साधे गोल आकार खेकड्यांना पसंत पडले नाहीत. तेव्हा तिने खऱ्या शंखांचं सीटी स्कॅन करून आतली वळणं तशीच उतरवली, मग काही खेकडे नव्या घरात राहायला गेले. इथे नकाराने रचना बदलली. माझ्या मते सहभाग म्हणतात तो हा. खेकडा कशासाठी राहायला गेला? इमारतींसाठी नक्कीच नाही, आतल्या वळणासाठी. त्याला शहर दिसत नाही, आपल्याला दिसतं. दोघांना एकाच वस्तूत वेगवेगळं काही मिळतंय, यात मला तरी काही गैर वाटत नाही.

चीनचा रेन री मधमाश्यांच्याच बाबतीत आणखी एक प्रयोग करतो. पारदर्शक पेटीत राणी मधोमध, आणि दर सात दिवसांनी फासा टाकून पेटी फिरवायची, म्हणजे पोळं वेगवेगळ्या दिशांनी वाढतं. दिसायला विलक्षण. पण मधपाळ म्हणून माझ्या पोटात गोळा येतो, कारण पेटी उलटली की मधमाश्यांना झालेल्या कामाचा हिशोब पुन्हा मांडावा लागतो, आणि मेण स्वस्त नसतं. एक किलो मेण तयार करायला त्यांना सहा-सात किलो मध खावा लागतो, असं आम्ही धरून चालतो. मी पेटी फिरवत नाही. तुम्ही फिरवावी की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा, पण ठरवण्याआधी हा खर्च माहीत असू द्या.

जिथे प्राण्याला मरायलाच ठेवलेलं असतं, तिथे चर्चेला काही उरत नाही. ब्रिटिश कलाकार डेमियन हर्स्टच्या 2012च्या लंडनमधल्या प्रदर्शनात बंद खोल्यांत 9,000च्या वर फुलपाखरं मेली. डेन्मार्कमध्ये 2000 साली मार्को एव्हारिस्ती या कलाकाराने मिक्सरमध्ये जिवंत गोल्डफिश ठेवून बटण प्रेक्षकांच्या हाती दिलं. अशा कामांतून माणसाबद्दल काही कळत असेल, तेही फार नाही.

आता तुमच्या मुखवट्याकडे. इथे बरंच काही परिस्थितीवर अवलंबून आहे: पेटी स्वतःची आहे की कुणाची उसनी, माशी सातेरी आहे की मेलिफेरा, आणि महिना कुठला. कॅनडाच्या अगानेथा डिक यांनी 1990च्या दशकापासून चिनी मातीच्या बाहुल्या पोळ्यांत ठेवून जी शिल्पं केली, त्यांचे फोटो बघून बहुतेक जण या वाटेला येतात. पण त्यांच्या मधमाश्या युरोपीय जातीच्या. त्या झाडांचा चीक गोळा करून भेगा लिंपतात, त्यामुळे वस्तू घट्ट धरली जाते. सातेरी हा चीक आणत नाही. तेव्हा गुळगुळीत झिलई केलेली वस्तू तिला दिली तर पोळं तयार झालं तरी उचलताना सुटून हातात येतं. मुखवटा खरखरीत ठेवा, झिलई नको, रंग नको, फेविकॉल किंवा वॉर्निशचा वास तर मुळीच नको. भाजल्यावर महिनाभर उघड्यावर राहू द्या.

मुखवटा आणि पेटीची भिंत यांच्यातलं अंतर हा खरा मुद्दा आहे. साधारण 8 मिलिमीटरची फट मधमाश्या येण्याजाण्याची वाट म्हणून मोकळी ठेवतात. त्याहून मोठी मोकळी जागा दिसली की तिथे पोळं सोडतात. म्हणजे तुमचं शिल्प हे अंतरांचं रेखाटन आहे. जिथे पोळं नको तिथे अंतर कमी ठेवा, जिथे हवं तिथे पोकळी द्या आणि छताला मेणपत्र्याची (पोळ्याला पाया म्हणून देतात त्या मेणाच्या पातळ पत्र्याची) एक बारीक पट्टी लावा. एवढं करूनही त्यांनी तुमचं ऐकलं नाही, तर मुखवटा काढून पुन्हा ‘नीट’ बसवू नका. तिथेच तुमचं खरं काम सुरू होतं.

हंगाम सांभाळा. महाबळेश्वरच्या बाजूला जांभूळ, हिरडा, गेळा फुलतो तेव्हा, म्हणजे थंडी सरल्यापासून उन्हाळ्यापर्यंत, वसाहती भरलेल्या असतात आणि मेण बनवायची त्यांची तयारी असते. पावसाळ्यात त्या कशाबशा जगतात, आम्ही साखरेचा पाक देऊन त्यांना तारतो. तेव्हा पेटीत काही ठेवणं म्हणजे उपाशी माणसाकडे वर्गणी मागणं. पितळ, दगड अशा जड गार वस्तू पिल्लांच्या कप्प्यापासून लांब, हे आता तुम्हाला वेगळं सांगायला नको.

शिल्प बाहेर काढल्यावर दोन दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा. मी हे एकदा केलं नव्हतं. गिऱ्हाईकाचा तीन महिन्यांनी फोन आला, ‘तुमच्या शिल्पाला जाळी धरलीय आणि आतून काहीतरी वळवळतंय.’ मेणकिड्याच्या अळ्यांनी पोळ्यात बोगदे पाडून बरंचसं फस्त केलं होतं. पैसे परत केले. ते अवशेष अजून माझ्याकडे आहेत. एका मित्राचं म्हणणं आहे की मेणकिडा हाही सहकलाकारच, मी त्याचं श्रेय लाटतोय. माझ्याच कसोटीने त्याला उत्तर देता आलेलं नाही.

नावाचं. कायद्याने मधमाशीला हक्क मिळत नाही. इंडोनेशियातल्या नारुतो या माकडाने 2011 साली एका छायाचित्रकाराच्या कॅमेऱ्यावर स्वतःचे फोटो काढले, त्यांच्या हक्कावरून अमेरिकेत खटला चालला आणि 2018 साली अपील न्यायालयाने सांगितलं की तिथल्या कायद्याखाली माकडाला कॉपीराइटचा दावा लावता येत नाही. आपल्या 1957च्या कायद्यात हक्क कलाकाराच्या मृत्यूनंतर 60 वर्षं टिकतो. मधमाश्यांच्या वसाहतीचा मृत्यू कुठून मोजणार, हे वकिलांनाच विचारा. मी पाटीवर असं लिहितो: माझं नाव, खाली ‘सातेरी वसाहत, पेटी क्रमांक 7’, आणि खाली महिने, ‘माघ ते चैत्र’. ‘मधमाश्यांकडून करून घेतलेलं’ असं लिहीत नाही, कारण घेतलेलं नसतं. विक्रीतला चौथा हिस्सा पेट्यांच्या खात्यावर: पावसाळ्यातली साखर, नव्या चौकटी, मेणपत्रे. हे बंधन मी घालून घेतलंय, नियम कुठेच नाही. शिल्प न विकता नुसतं परीक्षेला मांडणार असाल तरी त्या वर्षी पेटीतून मध काढू नका.

परवानगीचं लवकर आटोपतो. 1960च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कुठलाही सजीव, त्यामुळे मधमाशीही त्यात आली. तिकीट लावून प्राण्यांचे खेळ दाखवायचे तर नोंदणी लागते. तुम्ही रिकामं पोळं मांडणार आहात, तेव्हा ती वेळ येणार नाही. काचेच्या पेटीत जिवंत वसाहत दालनात ठेवायचा मोह होईल. तो टाळा, दिव्यांच्या उजेडात आणि गर्दीत त्या हैराण होतात आणि एखाद्याला डंखाची ॲलर्जी निघाली तर प्रकरण हॉस्पिटलात जातं. आग्या माशीच्या नादी लागू नका. आणि मैत्रिणींपैकी कुणी पोपट किंवा मुनिया पकडून त्यांच्याकडून काही करवून घ्यायचं म्हणत असेल तर तिला सांगा, हे पक्षी पिंजऱ्यात ठेवणंच 1972च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे.

सरांना बोरोनालीची गोष्ट जरूर सांगा, ती त्यांना आवडेल. आणि परीक्षकांपुढे नुसतं शिल्प नेऊ नका. पेटी कधी उघडली, काय दिसलं, आणि तुम्ही ठरवलेलं नेमकं काय त्यांनी होऊ दिलं नाही, याची रोजची वही शेजारी ठेवा. मुखवटा भाजून झाला असेल तर आधी मागच्या बाजूची पोकळी मोजून कळवा. माझ्या अंदाजाने ती तुम्ही उथळ ठेवली असणार, सगळेच ठेवतात.